सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या, तरीही पोटॅशियम ६.८

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाशी औषधांबद्दल बोलताना बहुतेक वेळ ‘डोस चुकवू नका’ हे सांगण्यातच जातो. सांगायलाच हवे ते. पण या प्रकरणातल्या बाईंनी वर्षभरात क्वचितच एखादा डोस चुकवला असेल, आणि त्याच काटेकोरपणामुळे त्या चार दिवसांत अतिदक्षता विभागात पोहोचल्या. अशा अनेक रुग्णांत वारंवार दिसणाऱ्या घटना एकत्र जोडून हे प्रकरण अभ्यासासाठी बांधले आहे. व्यक्ती काल्पनिक आहे. औषधे, मात्रा आणि बिघाडाची कारणे मात्र रोजच्या व्यवहारातली आहेत.

रुग्ण आणि औषधांची यादी

वय ६८, वजन ५८ किलो. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला, त्यानंतर हृदयाची पंपिंग क्षमता, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ३० टक्क्यांवर आलेली. टाइप २ मधुमेह. तब्येत स्थिर होती: एक जिना न थांबता चढता येत होता, पायांवर सूज नव्हती, बीपी ११२/७०, नाडी ६४. शेवटच्या तपासणीत क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा, १.१ आणि पोटॅशियम ४.७ होते.

सकाळी: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ४९/५१ मिग्रॅ, बिसोप्रोलॉल ५ मिग्रॅ, स्पायरोनोलॅक्टोन २५ मिग्रॅ, डापाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ, टॉर्सेमाइड २० मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ.
रात्री: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ४९/५१ मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ, ॲस्पिरिन ७५ मिग्रॅ, ॲटॉर्व्हास्टॅटिन ४० मिग्रॅ.

यादी चांगली आहे, त्यात चूक काढण्यासारखे काही नाही. आयुष्य वाढवणारे चारही गट तिच्यात आहेत: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, बिसोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन. टॉर्सेमाइड, म्हणजे लघवीची गोळी, या चार गटांत मोडत नाही. ती सूज आणि दम कमी करते आणि घेतल्यावर तासाभरात तिचा परिणाम जाणवतो. त्या चार गटांतल्या गोळ्यांचे काम आतल्या आत चालते, रुग्णाला त्यातले काही जाणवत नाही. हा फरक रुग्णाला माहीत असायला हवा, कारण कोणती गोळी कधी थांबवायची आणि कोणती कधीही परस्पर थांबवायची नाही, हे त्यावरच ठरते.

सात खणांचा डबा मुलगी दर रविवारी भरून ठेवायची. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर वजन व्हायचे. वजन आणि बीपी वहीत लिहिले जायचे. दिवसभरातले पाणी आणि इतर द्रव मिळून दीड लिटरची मर्यादा होती, आणि तीही पाळली जायची.

आधीचे तीन आठवडे

मीठ कमी करा, असे सांगितल्यावर घरच्यांनी साधे मीठ बंद करून ‘कमी सोडियमचे’ मीठ आणले. अशा मिठात सोडियम क्लोराइडच्या जागी थोडे किंवा पूर्ण पोटॅशियम क्लोराइड असते. पूर्ण पोटॅशियमवाल्या प्रकारात पाव चहाच्या चमच्यात सुमारे ६०० मिग्रॅ पोटॅशियम असते. निरोगी मूत्रपिंडाला त्याचा त्रास होत नाही, उलट बीपीच्या अनेक रुग्णांना त्याचा फायदा होतो. पण स्पायरोनोलॅक्टोन आणि वल्सार्टन ही दोन्ही औषधे पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. त्यांच्या जोडीला हे मीठ म्हणजे रोज नकळत घेतलेले आणखी एक औषधच. ‘मीठ कमी’ म्हणजे एकूण खारटपणा कमी, मिठाचा पर्याय नव्हे, हे कुणी स्पष्ट केले नव्हते.

मग गुडघा दुखू लागला. घरात डायक्लोफिनॅक ५० मिग्रॅची जुनी स्ट्रिप होती, तिच्यातल्या दिवसाला दोन गोळ्या सुरू झाल्या. ही गोळी औषधांच्या डब्यात नव्हती, यादीत नव्हती आणि वहीतही नव्हती. वेदनाशामक गोळीला लोक ‘औषध’ समजत नाहीत. ‘आणखी काही औषधे चालू आहेत का?’ असे विचारले की ‘नाही’ उत्तर येते. ‘दुखण्यासाठी काही घेता का?’ असे विचारले तरच स्ट्रिप बाहेर निघते.

डायक्लोफिनॅकच्या पाचव्या दिवशी जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या.

वहीतले चार दिवस

सोमवार: वजन ५८.१, बीपी ११०/७०.
मंगळवार: ५७.०, १००/६२.
बुधवार: ५५.९, ९२/५८.
गुरुवार: ५५.०. बीपीच्या जागी काहीच नाही, यंत्र सारखे ‘एरर’ दाखवत होते. घरच्यांना वाटले बॅटरी संपली.

तीन दिवसांत तीन किलो वजन उतरले आणि ते सुवाच्य अक्षरात लिहिलेलेही होते. पण वहीच्या पहिल्या पानावर सूचना एवढीच होती: ‘तीन दिवसांत २ किलो वजन वाढले तर फोन करा.’ वजन कमी झाले तर काय, हे कुठेच नव्हते. उलट वजन उतरतेय म्हणजे पाणी नीट निघतेय, असा घरच्यांचा समज झाला. जे सांगितले होते ते त्यांनी तंतोतंत पाळले. अपुरी होती ती सूचना.

या चारही दिवसांत डब्यातली प्रत्येक गोळी गेली. उलटीतून एखादी पडली असेल म्हणून मंगळवारी सकाळची एक गोळी पुन्हा दिली गेली. कोणती, ते नंतर नक्की सांगता आले नाही. दीड लिटरची मर्यादाही पाळली गेली, आणि जुलाबातून जाणारे पाणी कुणी मोजले नाही. बुधवारी संध्याकाळनंतर लघवी जवळपास झालीच नाही. गुरुवारी सकाळी सगळ्या गोळ्या घेतल्या, आणि दहाच्या सुमारास खुर्चीतून उठायला गेल्यावर पायांत बळच राहिले नाही. मुलीने मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजली: ३८. यंत्र एरर देत होते, कारण नाडी मंद होती आणि दाब कमी. बीपीचे यंत्र दोनदा एरर दाखवत असेल, तर बॅटरी बदलण्याआधी हाताने नाडी मोजावी.

रुग्णालयात

बीपी ८२/५०, नाडी ३८. पोटॅशियम ६.८, क्रिएटिनीन २.७, सोडियम १३१. साखर १५६, रक्तातले कीटोन, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळते तेव्हा बनणारी आम्ले, १.४. पीएच ७.२७, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेले. ईसीजीत पी लहरी दिसत नव्हत्या, क्यूआरएस रुंदावलेला होता आणि टी लहरी उंच, टोकदार: पोटॅशियम हृदयाला धोक्यात आणत असल्याच्या खुणा. फुप्फुसे स्वच्छ, मानेच्या शिरा सपाट, जीभ कोरडी.

शेवटच्या ओळीवर बरेच अवलंबून होते. हार्ट फेल्युअरचा रुग्ण, बीपी कमी, नाडी मंद, लघवी बंद, एवढे ऐकले की हृदयच आणखी खचले असेल असे वाटते आणि सलाईनची भीती वाटते. इथे शरीरात पाणी जास्त नव्हते, कमी होते, आणि वहीतल्या वजनाने ते दहा सेकंदांत सिद्ध केले. घरची वही आणि डबा बरोबर आणणे इतके महत्त्वाचे असते ते यासाठी.

साखर १५६ असतानाही कीटोन मुद्दाम तपासले. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकत राहतात, त्यामुळे उपाशीपोटी कीटोॲसिडोसिस झाला, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी झाले, तरी साखर फारशी वाढलेली नसते. नुसत्या ग्लुकोमीटरवर विसंबले तर तो निसटतो. १.४ हा आकडा उपासमारीचा होता, अजून धोक्याच्या पातळीला गेलेला नव्हता. दर चार तासांनी तो पुन्हा पाहिला गेला.

पोटॅशियमचा नमुना सुईतच फुटलेल्या रक्तपेशींमुळे खोटा वाढलेला येऊ शकतो, म्हणून दुसरा नमुना पाठवला. पण ईसीजी असा असताना त्या अहवालासाठी थांबायचे नसते. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली शिरेतून हळूहळू दिले. पाच मिनिटांत क्यूआरएस पुरेसा अरुंद झाला नाही म्हणून तेवढेच पुन्हा. कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही, फक्त हृदयाच्या स्नायूला त्यापासून वाचवते, आणि तेही अर्धा ते एक तासच. तेवढ्या वेळात इन्सुलिन १० युनिट आणि २५ ग्रॅम ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलले, जोडीला साल्ब्युटामॉलची वाफ दिली. पुढचे सहा तास दर तासाला साखर तपासली, कारण मूत्रपिंड मंदावलेले असताना इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि साखर उशिराने कोसळते. सलाईन २५० मिलीच्या टप्प्यांत दिले, प्रत्येक टप्प्यानंतर फुप्फुसे ऐकून. दोन तासांत नाडी ५६ झाली. संध्याकाळी लघवी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पोटॅशियम ५.२, तिसऱ्या दिवशी ४.८ आणि क्रिएटिनीन १.९.

नेमके काय बिघडले

मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीला रक्त आत आणणारी एक बारीक धमनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. गाळण्यासाठी लागणारा दाब या दोन नळांच्या उघडझापीवर सांभाळला जातो. शरीरातले पाणी कमी झाले की आत येणारा नळ प्रोस्टाग्लँडिनच्या मदतीने जास्त उघडतो आणि बाहेर जाणारा अँजिओटेन्सिनच्या जोरावर आवळतो, त्यामुळे कमी रक्तातही गाळणे चालू राहते. डायक्लोफिनॅक प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही, म्हणून पहिला नळ उघडला नाही. वल्सार्टन अँजिओटेन्सिन अडवते, म्हणून दुसरा आवळला नाही. जुलाब, उलट्या, टॉर्सेमाइड आणि डापाग्लिफ्लोझिन या चौघांनी मिळून मुळातले पाणीच घटवले. गाळणे थांबले.

यातली कोणतीही एक गोष्ट एकटी असती तर बहुधा एवढे झाले नसते. वर्षभर याच गोळ्या घेऊन पोटॅशियम ४.७ होते. म्हणून ‘कोणत्या औषधाने केले?’ या घरच्यांच्या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही, आणि तसे उत्तर देणे घातक आहे. ज्याचे नाव घेऊ ते औषध रुग्ण कायमचे सोडून देतो.

पोटॅशियमचेही तसेच. ते लघवीत टाकायला मूत्रपिंडाच्या शेवटच्या भागात पुरेसे पाणी व सोडियम पोहोचावे लागते आणि अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक लागते. पाणी पोहोचत नव्हते. अल्डोस्टेरॉन वल्सार्टनने कमी केले होते, डायक्लोफिनॅकने आणखी थोडे कमी केले, आणि जे उरले त्याचे काम स्पायरोनोलॅक्टोनने अडवले. एरवी टॉर्सेमाइड पोटॅशियम बाहेर काढते, पण लघवीच होत नसेल तर ती काढणार तरी कशातून? आणि वरून नव्या मिठाची रोजची भर चालूच होती.

तिसरे वर्तुळ नाडीचे. वाढलेले पोटॅशियम आणि बिसोप्रोलॉल दोन्ही हृदयाचा वेग कमी करतात, आणि एकत्र आल्यावर तो बेरजेपेक्षा जास्त कमी होतो. वेग घटला की मूत्रपिंडाला रक्त आणखी कमी मिळते. बिसोप्रोलॉलचा साधारण अर्धा भाग मूत्रपिंडातूनच बाहेर पडतो, म्हणजे तेही साचू लागते. मंद नाडी, मूत्रपिंडाचा बिघाड, नाडी कमी करणारे औषध, कोसळलेला दाब आणि वाढलेले पोटॅशियम या पाचांच्या साखळीला ‘ब्रॅश सिंड्रोम’ म्हणतात. यात पोटॅशियमचा आकडा कधी कधी फार भयंकर नसतो, तरी नाडी मात्र भयंकर मंद असते.

या धोक्याला इतिहास आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रॅल्स’ चाचणीत स्पायरोनोलॅक्टोनने गंभीर हार्ट फेल्युअरमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. त्या चाचणीत पोटॅशियम ५ च्या वर किंवा क्रिएटिनीन २.५ च्या वर असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, आणि तपासण्या ठरल्या वेळी होत होत्या. निकालानंतर औषध सर्रास लिहिले जाऊ लागले, तपासण्यांची ती शिस्त मात्र बरोबर गेली नाही. कॅनडातल्या ओंटारियोच्या नोंदींचा अभ्यास २००४ मध्ये आला: एसीई इनहिबिटर, म्हणजे रामिप्रिलच्या गटातली औषधे, घेणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या वृद्ध रुग्णांत पोटॅशियम वाढल्यामुळे दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये हजारी ११ झाले. औषध तेच, पण ते लिहून देण्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले होते. आजूबाजूची काळजी त्या वेगाने वाढली नाही.

पुन्हा सुरू करण्याचा क्रम

इथे दुसरी चूक होण्याची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त असते. अशा प्रसंगानंतर घरचे घाबरलेले असतात, डॉक्टरही सावध असतात, आणि थांबवलेली औषधे थांबलेलीच राहतात. दोनतीन महिने रुग्णाला बरेही वाटते. मग दम लागतो. ज्यांचे हृदय औषधांनी पूर्ण सुधारले होते अशा डायलेटेड कार्डिओमायोपॅथीच्या, म्हणजे हृदय फुगून कमजोर होण्याच्या आजाराच्या, रुग्णांत ‘ट्रेड-एचएफ’ या छोट्या चाचणीत औषधे टप्प्याटप्प्याने बंद केली, तेव्हा ४४ टक्के जणांचा आजार सहा महिन्यांत उलटला. मग ज्यांचे इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्केच आहे त्यांनी औषधांविना राहणे किती महाग पडेल, हे वेगळे सांगायला नको.

तरीही सगळी एका दिवशी सुरू करायची नाहीत. पोटॅशियम पुन्हा चढले तर कुणामुळे, हे कळले पाहिजे.

बिसोप्रोलॉल सर्वांत आधी, तिसऱ्या दिवशी, नाडी ६६ आणि बीपी १०४/६४ झाल्यावर, अर्ध्या मात्रेत म्हणजे २.५ मिग्रॅ. हे औषध अचानक तुटले तर नाडी उसळून वर जाते आणि हृदयविकाराच्या रुग्णाला छातीत दुखू शकते, म्हणून त्याचा खंड जितका लहान तितका बरा.

पाचव्या दिवशी दोन वेळचे जेवण नीट जात होते, कीटोन उतरले होते, वजन ५७.६ आणि क्रिएटिनीन १.५ होते. डापाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ सुरू केले आणि टॉर्सेमाइड १० मिग्रॅच ठेवले. वजन नेहमीच्या ५८ च्या जवळ आल्याशिवाय लघवीची गोळी पूर्ण मात्रेत द्यायची नव्हती. तारीख पाहून ती सुरू करायची नसते, काट्यावरचा आकडा पाहून करायची.

सहाव्या दिवशी घरी. दहाव्या दिवशी क्रिएटिनीन १.२, पोटॅशियम ४.५, बीपी १०८/६८. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन सर्वांत लहान २४/२६ मात्रेत दोन वेळा सुरू. एका आठवड्याने तपासणी: क्रिएटिनीन १.४. घरच्यांच्या पोटात पुन्हा गोळा आला. पण हे औषध सुरू केल्यावर क्रिएटिनीन थोडे चढणे अपेक्षितच असते. मूळ आकड्याच्या दीडपटीपर्यंतची वाढ, पोटॅशियम ५.५ च्या आत आणि रुग्ण ठीक असेल तर चालवून घेतात. तसेच बीपी १०० च्या आसपास असून चक्कर येत नसेल, तर तो कमी आकडा औषध थांबवण्याचे कारण नाही. मेटफॉर्मिनही याच सुमारास परत आले.

स्पायरोनोलॅक्टोन सर्वांत शेवटी, चौथ्या आठवड्यात, पोटॅशियम ४.६ असताना, १२.५ मिग्रॅ. या औषधाचा शरीरातला सक्रिय अंश हळू निघतो, थांबवल्यावरही परिणाम दोनतीन दिवस रेंगाळतो, म्हणून ‘आज थांबवले, उद्या ठीक’ असे होत नाही. तपासणी एका आठवड्याने, चार आठवड्यांनी, नंतर दर तीन महिन्यांनी. हद्दी कागदावर लिहून दिल्या: ५.५ च्या वर गेले तर मात्रा निम्मी, ६ च्या वर गेले तर त्याच दिवशी बंद.

औषधांचा डबा रिकामा करताना

घरी परतल्यावर सगळी औषधे एकदा टेबलावर ओतून पाहिली. तीन गोष्टी निघाल्या, आणि तिन्ही गंभीर होत्या.

एक, रामिप्रिल ५ मिग्रॅची अर्धी स्ट्रिप. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन सुरू होण्याआधी हे औषध चालू होते. दोन्ही एकत्र पोटात गेली तर ओठ, जीभ आणि घसा सुजून श्वास कोंडू शकतो. एका औषधाचा शेवटचा डोस आणि दुसऱ्याचा पहिला डोस यांत किमान ३६ तास जावे लागतात. ‘बीपीची जुनी गोळी’ म्हणून ती कधीही पुन्हा घेतली गेली असती.

दोन, टॉर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन एकाच गोळीत असलेली जुनी स्ट्रिप. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचे नाव, खाली बारीक अक्षरात दोन औषधांची नावे. डिस्चार्जनंतर स्पायरोनोलॅक्टोन बंद होते आणि टॉर्सेमाइड चालू. ही गोळी ‘तीच लघवीची गोळी’ म्हणून डब्यात गेली असती, तर बंद केलेले औषध कुणाला न कळता सुरू राहिले असते. जोडगोळी सोयीची असते, पण जिच्यातला एक भाग वेगळा थांबवावा लागू शकतो ती अशा रुग्णाला नकोच. यादी कंपनीच्या नावाने न ठेवता औषधाच्या मूळ नावाने ठेवली की ही गफलत लगेच लक्षात येते.

तीन, डायक्लोफिनॅक आणि तिची भावंडे. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲसिक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब, आणि पॅरासिटामॉलबरोबर यांची मिश्रणे. पाकिटावर ‘पॅरासिटामॉल’ दिसले म्हणून ते सुरक्षित ठरत नाही, पुढची ओळ वाचावी लागते. ही औषधे मूत्रपिंडाला त्रास देतातच, शिवाय मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि लघवीच्या गोळीचा जोर कमी करतात. ७५ मिग्रॅ ॲस्पिरिनला हा नियम लागू नाही, ते चालूच ठेवायचे. गुडघ्यासाठी साधे पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, गरजेनुसार, दिवसाला एकूण ३ ग्रॅमच्या आत. पाण्यात फसफसणारी गोळी मात्र नको: तिच्या एका ५०० मिग्रॅच्या गोळीत सुमारे ४०० मिग्रॅ सोडियम असू शकते, आणि दिवसाला चार घेतल्या की मीठ कमी करण्याचे सगळे कष्ट वाया.

कमी सोडियमचे मीठ बंद झाले. यादीच्या तळाशी एक ओळ जोडली: ‘लघवीच्या संसर्गासाठी को-ट्रायमॉक्साझोल देण्याआधी पोटॅशियमचा विचार व्हावा.’ त्यातले ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडात पोटॅशियम अडवते, आणि ते लिहून देणारा डॉक्टर बहुधा दुसराच असतो.

आजारपणाच्या दिवसांचा कागद

वहीच्या पहिल्या पानावरची एक ओळ काढून तिथे डॉक्टरांच्या सहीचा एक कागद चिकटवला. असे कागद मोठ्या चाचण्यांपेक्षा तज्ज्ञांच्या अनुभवावर जास्त उभे आहेत, आणि हार्ट फेल्युअरमध्ये लघवीची गोळी जास्त दिवस बंद राहिली तर फुप्फुसात पाणी भरू शकते. त्यामुळे कागद या रुग्णापुरता आहे; दुसऱ्याने त्यातले आकडे उचलू नयेत, स्वतःचे लिहून घ्यावेत.

वजनाला दोन्ही बाजूंनी कुंपण: तीन दिवसांत २ किलो वाढले तर फोन, दोन दिवसांत १.५ किलो उतरले तरीही फोन.

जुलाब, वारंवार उलट्या, किंवा नेहमीच्या निम्मेही खाणेपिणे होत नसेल तर त्याच दिवशी फोन, आणि उत्तर मिळेपर्यंत टॉर्सेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन थांबवायचे. वरचा बीपी १०० च्या खाली असेल तर सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनही. बिसोप्रोलॉल चालू, नाडी ५० च्या खाली असेल तर डोस घेण्याआधी विचारायचे. ॲस्पिरिन आणि ॲटॉर्व्हास्टॅटिन चालू. उलटीत पडलेली गोळी पुन्हा घ्यायची नाही. दीड लिटरची मर्यादा त्या दिवसांपुरती सैल, किती ते फोनवर ठरवायचे. जलसंजीवनीच्या प्रमाणित द्रावणात लिटरला २० मिलिमोल पोटॅशियम असते, म्हणून ती किती प्यायली हे वहीत लिहायचे.

खाणेपिणे नीट सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की थांबवलेली औषधे परत. ४८ तासांत बरे नसेल तर रक्त तपासणी. वजन वर जाऊ लागले तर तेवढीही वाट पाहायची नाही, टॉर्सेमाइडबद्दल त्याच दिवशी विचारायचे. नाडी ४५ च्या खाली, पायांतले बळ जाणे, भोवळ, बसल्या जागी दम, किंवा बारा तास लघवी न होणे यांपैकी काहीही झाले तर फोन न करता थेट रुग्णालय, वही आणि डबा घेऊन.

डबा भरण्याची पद्धतही किंचित बदलली. थांबवायच्या चार औषधांच्या स्ट्रिपवर मुलीने मार्करने लाल ठिपका दिला, आणि सकाळच्या खणात गोळ्या टाकताना ठिपकेवाल्या वेगळ्या पुडीत ठेवू लागली. आजारपणाच्या दिवशी मूठभर गोळ्यांतून रंग आणि आकार ओळखत बसायला नको.

तीन महिन्यांनी बीपी ११०/६८, नाडी ६२, वजन ५८.४. बिसोप्रोलॉल परत ५ मिग्रॅवर आहे, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ४९/५१ वर. क्रिएटिनीन १.२, पोटॅशियम ४.९, स्पायरोनोलॅक्टोन अजून १२.५ मिग्रॅ. ते २५ वर न्यायचे की नाही, हा प्रश्न खुला आहे. ४.९ वरून मात्रा वाढवली तर आठवड्याच्या आत रक्त तपासणे भाग आहे, आणि आकडा ५.५ कडे सरकला तर मात्रा परत खाली आणण्याऐवजी पोटॅशियम आतड्यात बांधणारी औषधे, म्हणजे पॅटिरोमर किंवा सोडियम झिरकोनियम सायक्लोसिलिकेट, वापरून २५ मिग्रॅ टिकवता येते का, हेही पाहता येईल. दुसऱ्या औषधात सोडियम असते, त्यामुळे ते निवडले तर पायांवरची सूज आणि सकाळचे वजन पहिले काही आठवडे जास्त बारकाईने पाहावे लागेल.